जेवणाच्या खोलीला कोणता रंग

कर्वेनगर, पुणे
२३ सप्टेंबर

उत्कर्षा,

मायना काय लिहावा यात एक कागद वाया गेला. ‘चि. सौ.’ आता लिहिता येत नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर मी तुझ्या कॉलेजातली कुणी मैत्रीण वाटेन, आणि ‘स. न. वि. वि.’ लिहिलं तर पतसंस्थेची नोटीस. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. राग मानू नकोस.

घर सोडताना तू म्हणाली होतीस, “फोन करू नका, फोनवर मला नाही म्हणता येत नाही. पत्र लिहा, जमलं तर उत्तर देईन.” तुझा आणि आमोदचा घटस्फोट होऊन वर्ष उलटून गेलं. मी फोन केला नाही, शब्द पाळला. पत्रही लिहिलं नाही. काय लिहिणार होते? आम्ही बरे आहोत, तू बरी आहेस ना, एवढ्यासाठी तुला पाकीट फोडायला लावायचं मला अवघड वाटलं.

आज मात्र काम आहे. जेवणाच्या खोलीला रंग द्यायचाय. दिवाळी तोंडावर आलीय आणि यंदाच्या पावसानं बेसिनकडची भिंत पार फुगवली. तू लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लावून घेतलेला मोरपंखी रंग जागोजागी उडालाय, पोपडे ताटात पडायचे बाकी आहेत. ह्यांचं म्हणणं तुला माहीतच आहे. “गोठ्याची जागा हाय ती. गोठ्याला कशाला पायजे रंग?” गोठा पाडून ती खोली बांधली, भोवतालची शेतं जाऊन सोसायट्या आल्या, तरी ह्यांच्या डोळ्यांपुढे तिथे अजून म्हशीच उभ्या आहेत.

शेडकार्ड आणून ठेवलंय. मी आयुष्यभर बालवाडीतल्या पोरांना रंग शिकवले, पण माझे रंग लाल, पिवळा, निळा, हिरवा इथेच संपतात. या कार्डावर नुसत्या पांढऱ्याचेच इतके प्रकार आहेत की डोळे दुखायला लागले. एकाचं नाव ‘मॉर्निंग टी’. चहाशी त्याचा काही संबंध नाही, धुवून वाळत घातलेलं पोतेरं वाटतं.

त्या खोलीची खोली तू केलीस. तू येईपर्यंत आमचं डायनिंग टेबल म्हणजे इस्त्रीचे कपडे ठेवायची जागा होती. आम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर जेवायचो, आधी पुरुष आणि मग मी. तू कपडे उचललेस आणि म्हणालीस, “आज सगळे एकदम बसू.” ह्यांनी पहिले काही दिवस खुर्चीवर मांडी घालून जेवण केलं होतं, आठवतं? आता खाली बसा म्हटलं तर गुडघे नाही म्हणतात. तेव्हा रंग कोणता द्यायचा ते तू सांग. तुझी नजर चांगली आहे.

आणि खरं सांगू का, रंगाचं तर आहेच, पण मला तुझं अक्षर बघायचंय. तुमचं काय बिनसलं ते मला आजवर नीट कळलेलं नाही. भांडण कानावर आलं असतं तर मी मध्ये पडले असते. तुम्ही दोघं नुसते गप्प गप्प होत गेलात आणि एक दिवस त्याच टेबलाशी बसून ‘आमचं ठरलंय’ म्हणालात. जे मोडलं ते तुमचं दोघांचं. तुझं नि माझं काही मोडलं होतं असं मला वाटत नाही. उत्तर आलं तर मी समजेन की तुलाही तसंच वाटतं.

श्यामला


२ ऑक्टोबर, दसरा

उत्कर्षा,

पत्र मिळालं. मी ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ह्यांनी एवढंच विचारलं, “जेवती का नीट?” पत्रात तसं काही लिहिलेलं नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग तीन पानं कशाची लिवली?”

मला वाटलं होतं तू एक नाव लिहून मोकळी होशील. तू तर मलाच प्रश्न घातलेस. बरं, उत्तरं देते. खिडकीतून आता सकाळचं ऊन येत नाही, कारण समोर गेनबांच्या रानात उंच इमारत उभी राहिली. गेनबा त्यातच वरच्या मजल्यावर राहतात आणि गॅलरीत उभे राहून आमच्या अंगणात काय चाललंय ते बघतात. ट्यूब काढून पिवळे दिवे लावलेत. टेबल तेच. तू फळीवर ठेवलेल्या बरण्या तिथेच आहेत, मी हलवलेल्या नाहीत.

तू लिहिलंस, “ऊन कमी झालं असेल तर मोरपंखी परत नको, खोली अंगावर येईल. ज्वारीचं पीठ चाळताना दिसतं ना, तसा पांढरा बघा. आणि खिडकीची एकच भिंत कैरीच्या सालीसारखी हिरवी.” वाचल्या वाचल्या मला समजलं. शेडकार्डवाल्यांनी तुला नोकरीवर ठेवायला हवं, निदान माणसाला कळेल तरी कुठला रंग कसा दिसतो.

आमोदला सगळ्याचीच घाई. “आई, प्लीज, ऑफव्हाइट मार आणि विषय संपव. एवढं काय ओव्हरथिंक करतेस? वेळ नाहीये आता.” त्याला वेळ नाही म्हणजे दिवाळीला वेळ नाही. रंग तू सुचवलास हे मी त्याला सांगितलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

रंगारी म्हणून साईनाथ नावाचा एक जण मिळालाय. परभणीकडचा आहे. फार बोलतो आणि बोलताना ब्रश हातात असतो, त्यामुळे फरशीवर ठिपके. त्याला म्हटलं, ज्वारीच्या पिठाचा रंग हवा. तो म्हणाला, “मावशी, कंपनीत तसलं पीठ मिळत नाही.” तरी सॅम्पलच्या डब्या आणतो म्हणालाय.

सोनं म्हणून आपट्याचं एक पान सोबत ठेवतेय. पोस्टात चुरगळलं तर सांभाळून घे.

श्यामला


८ ऑक्टोबर

उत्कर्षा,

साईनाथनं खिडकीच्या भिंतीवर हिरव्याचे तीन चौकोन ओढलेत. मला तिन्ही सारखे दिसतात. ह्यांना त्यातला एक घेवड्याचा वाटतो, एक शेवाळाचा आणि एक आजारी माणसाचा. साईनाथ म्हणतो, सगळेच भारी आहेत. म्हणजे त्याचा काही उपयोग नाही.

पत्रातून हे ठरायचं नाही. तूच ये. या रविवारी ये. लोणी काळभोरहून स्वारगेटपर्यंत बसनं ये, तिथे हे स्कूटर घेऊन उभे राहतील. जेवायला थांब. आमोद रविवारी दिवसभर हिंजवडीला आहे, त्याच्या ऑफिसचं कसलं तरी रिलीज आहे. त्याची भेट होईल ही भीती बाळगू नकोस.

मी वांग्याचं भरीत करते. बाजरीची भाकरी. तुला आवडतं ते ताकही असेल, हिंग घातलेलं. तू म्हणशील, रंगासाठी बोलावताय की जेवायला? दोन्हीसाठी. तू आलीस की मला रंगाचं कळेल, आणि माझ्या जिवाला बरं वाटेल ते वेगळंच.

श्यामला


१३ ऑक्टोबर

उत्कर्षा,

काल तू गेलीस तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दुपारची भांडी संध्याकाळी घासली. जे झालं ते मी नीट लिहून काढते, म्हणजे निदान माझं मला दिसेल.

तू आलीस तेव्हा चप्पल काढून सरळ त्या खोलीत गेलीस. पाणीसुद्धा घेतलं नाहीस. खिडकीपाशी उभी राहिलीस, दिवा लावलास, बंद केलास, टेबलाच्या चारही खुर्च्यांवर एकदा एकदा बसून बघितलंस. मग म्हणालीस, “मधला. बसणाऱ्याच्या तोंडावर हिरवी सावली पडत नाही याची.” मी इतकी वर्षं त्या खुर्च्यांवर बसतेय, मला असं बसून बघायचं कधी सुचलं नाही.

जेवताना तू हसलीस. ह्यांनी तुला गेनबांच्या गॅलरीची गोष्ट सांगितली तेव्हा तुला ठसका लागला. मी तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. भाकरी वाढताना दोनदा माझ्या ओठांवर आलं. दोनदा मी म्हटलं, जेवू दे पोरीला, मग सांगते. जेवण झालं, तू सुपारी कातरत बसलीस, आणि मी म्हटलं, निघताना सांगते.

तू निघालीस तेव्हा मी म्हणाले, “थांब गं, ओटी भरते.” तुझी आई गेल्यापासून तुझी ओटी कुणी भरली नसणार हे मला माहीत होतं. विश्वजीत भाऊ म्हणून चांगला आहे, पण सोलापूरला एकटा राहणारा मुलगा बहिणीची ओटी काय भरणार. तू विचारलंस, “कोण म्हणून भरताय?” मी म्हणाले, “माझी पोर म्हणून.” तू माझ्या मागोमाग आतल्या खोलीत आलीस. तुझे डोळे भरले होते. मी ते बघितलं, आणि तरीही मला पुढचं काही सुचलं नाही. ब्लाउजपीस काढायला मी कपाट उघडलं.

आपल्या घरात टॉवेल-टोपीचा ढीग कशासाठी आणतात ते तुला सांगायला नको. तुझ्या घरची माणसं आमचं घर बघायला आली होती तेव्हा असाच ढीग त्याच कप्प्यात होता. टॉवेल, टोप्या, नारळ, शर्टपीस, आणि सगळ्यांच्या वर साडीचं खोकं. तू एका नजरेत ओळखलंस.

“आमोदचं ठरतंय?”

“घर बघायला येणार आहेत. दिवाळी झाली की.”

“म्हणून रंग.”

मी नुसती मान हलवली. तू खोक्याचं झाकण उचलून आतली डाळिंबी साडी बघितलीस. काठावर बोट फिरवलंस. “सुंदर आहे. कुणी निवडली?”

“मीच.”

“मग भिंत का नाही जमली?”

तुझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी काही तरी बोलू शकले असते. मग तूच ओढणी पुढे केलीस आणि मी ओटी भरली. निम्मे तांदूळ फरशीवर सांडले. तू वाकून नमस्कार केला नाहीस आणि मलाही तो घ्यायची हिंमत नव्हती.

हे तुला स्वारगेटला सोडून आले आणि बाहेरच बसले. म्हणाले, “रस्त्यानं एक शब्द बोलली न्हाई. रडली असती तर बरं झालं असतं.” मग मला म्हणाले, “तू तिला सांगितलं नव्हतंस व्हय?” मी नाही म्हटलं.

मी का लपवलं ते सांगते. सांगितलं असतं तर तू आली नसतीस, असं मला वाटलं. मला तू यायला हवी होतीस. रंग मला जमला नसता असं नाही, वाईट जमला असता, पण जमला असता. मी तुझ्या चांगुलपणावर टपून बसले होते. मला याची लाज वाटते आहे.

श्यामला


१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

उत्कर्षा,

तुझं पत्र आलं. या वेळी मी ते ह्यांना वाचून दाखवलं नाही, त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

तू लिहिलंस, “आमोदनं लग्न करावं, त्याचं मला खरंच वाईट वाटत नाही. पण बसमध्ये मी काय विचार करत आले ते तुम्हाला कळायला हवं. मला वाटलं, सासर संपलं तरी एक घर उरलंय, जिथे भिंतीला रंग देताना मला विचारतात. महिन्यातून एखाद्या रविवारी असंच यायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तुम्ही आधी सांगितलं असतं ना, की आमोदच्या नव्या बायकोसाठी खोली सजवायचीय, तरीही मी आले असते. हसत आले असते. आता मला येता येणार नाही.”

तरीही आले असते, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. मी तुला ओळखते असा मला केवढा गर्व होता! आमोदला मी नेहमी ऐकवायचे, तुझ्यापेक्षा मला ती जास्त कळते म्हणून. आणि एवढं साधं मला कळलं नाही. मी तुला विचारूनच टाकलं असतं तर आज माझ्याकडे तू असतीस, महिन्यातून एकदा का होईना.

रंग लावून झालाय. तुला न विचारता कसा लावू, असं एकदा वाटलं. मग वाटलं, तू चारही खुर्च्यांवर बसून निवडलेला रंग सोडून आमोदचा ऑफव्हाइट लावला तर तो तुझा आणखी एक अपमान. साईनाथनं प्रायमर मारला, पुट्टी भरली, वर दोन हात दिले. तीन भिंती ज्वारीच्या, खिडकीची कैरीची. खोली कधी नव्हती इतकी मोठी आणि शांत दिसते. आमोद ऑफिसातून आला, दारातच थांबला आणि म्हणाला, “वॉव आई! तू तर एकदम प्रो निघालीस.” मी त्याला सांगणार होते. पण तो फोनवर बोलत बोलतच जिना चढून गेला.

फराळ पाठवत नाही. पाठवला तर तुला वाटेल, मी परत काही तरी मागतेय.

श्यामला


२७ ऑक्टोबर

उत्कर्षा,

तू लिहू नका असं म्हटलेलं नाहीस, म्हणून लिहितेय. हे तुला कळवायचं कारण नाही, पण न कळवता मला राहवणार नाही.

काल पाहुणे आले. मुलीचं नाव निशा. तिचंही आधी एक लग्न झालेलं, मोडलेलं. हडपसरला एका कंपनीत हिशेब बघते. तिचे वडील संजयराव पंचायतीतून निवृत्त झालेले, आई सुशीलाबाई मोजकं बोलणाऱ्या. आमोद तिच्याशी बोलताना मधूनमधून मोबाइल उलटा ठेवत होता. तुझ्या वेळी त्यानं तो कधी उलटा ठेवला नाही, हे मला कालच खटकलं.

चहापोहे त्याच खोलीत दिले. सगळे टेबलाभोवती बसले. हे संजयरावांना सांगत होते, “हितं आमचा गोठा व्हता.” आणि ते दोघं म्हशींवर घसरले. निशा मात्र भिंतीकडे बघत होती. ती म्हणाली, “काय सुरेख रंग आहे. इथे बसलं की बरं वाटतं. कुणी निवडला?”

आमोद लगेच म्हणाला, “आईनं. एकटीनं. आम्हाला कुणाला विचारलंसुद्धा नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुशीलाबाई कौतुकानं हसल्या. ह्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला फक्त तुझं नाव घ्यायचं होतं. ‘आमच्या आधीच्या सुनेनं’ असं म्हणायचं होतं. निशाला तू होतीस हे माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तरीही माझ्या मनात आलं, पाहुण्यांपुढे हे कशाला, त्यांना काय वाटेल, जुळत आलंय ते बिघडायला नको.

मी म्हणाले, “हो, मीच.”

आणि पाणी आणायला आत गेले.

टॉवेल-टोपी झाली, साडी दिली, बोलणी पुढे सरकली. सुशीलाबाई निघताना माझा हात धरून म्हणाल्या, “तुमची निवड फार छान आहे हो.” मी ‘छे हो’ म्हणाले. त्या रंगाचं श्रेय घेऊन वर नम्रपणाही मीच दाखवला.

गाडी वळली आणि हे फाटकाशीच म्हणाले, “त्या पोरीचं नाव घेतलं असतं तर काय सोयरीक मोडली असती?” मी म्हटलं, मोडली असती तर? हे म्हणाले, “मोडली असती तर मोडली असती. तिनं तुला रंग दिला. तू तिचं नावबी नाय दिलं.” आणि पुन्हा मला भीती वाटली, कारण हे जन्मात कधी मला एवढं बोललेले नाहीत.

आधी मी तुझ्यापासून त्यांना लपवलं. काल त्यांच्यापासून तुला लपवलं. मोरपंखी घालवायला साईनाथला पुट्टी लागली, खरवडावं लागलं, दोन हात द्यावे लागले. तुला या घरातून घालवायला मला एक शब्द पुरला.

श्यामला


३० ऑक्टोबर

उत्कर्षा,

काल सकाळी मी निशाला फोन केला. आमोदला न सांगता केला, नाही तर त्यानं ‘आई, रिलॅक्स’ म्हणून मला थांबवलं असतं. मी तिला सांगितलं की रंग तू निवडलास. हेही सांगितलं की तुला काही न सांगता बोलावलं होतं, तू कपाटात साडी बघितलीस आणि गेलीस. सगळं सांगितलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “मला वाटलंच होतं. तुम्ही ‘मीच’ म्हणालात आणि लगेच पाण्याला उठलात. समोर तांब्या भरलेला होता.”

मी खुर्ची ओढून बसले.

ती म्हणाली, “काकू, माझ्या आधीच्या सासरी माझं नाव कुणी काढत नाही. तिथे मी कधी होते हेही नव्या सुनेला माहीत असेल की नाही, कोण जाणे. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. लग्नाला माझा होकार आहे. पण तो रंग मी ठेवणार नाही. रंग वाईट नाहीये, मला आवडला होता. पण रोज तिथे बसून जेवायचंय मला.” मग जरा थांबून तिनं विचारलं, “उत्कर्षाताईंना वाईट वाटेल का?”

मी म्हटलं, नाही वाटणार. बघ, तुझ्या वतीनं परत मीच उत्तर दिलं. सवय जात नाही. वाटणार असेल तर मला कळव, मी तिला तसं सांगेन. या वेळी जसं असेल तसंच सांगेन.

मुलगी चांगली आहे, उत्कर्षा. स्पष्ट आहे. माझ्यासारखी ताटाशी बसून दोनदा बोलायचं टाळणारी नाही. मला ती आवडायला लागलीय, आणि ते तुला लिहिताना मला अपराधी वाटतंय. तू इथे असताना मला मुलगी हवी असं कधी वाटलं नव्हतं. आता जी येईल तिच्यावर माया करायची, तर ती तुझ्या वाटणीतून काढून देतेय असं वाटत राहणार. ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “मायेची काय वाटणी आस्ती का? ती काय रान हाय?” त्यांना वाटतं तसं असेलही. मला तसं वाटत नाही.

लग्न मार्गशीर्षात करायचं ठरतंय. नंतर निशा खोली रंगवून घेईल. साईनाथ खूश आहे, त्याला वाटतंय आम्हाला त्याचं काम पसंत पडलं. मी कार्ड निशाच्या हातात देईन आणि तिनं जे बोट ठेवलं त्याला हो म्हणेन. कुठला रंग तेही तुला कळवणार नाही. तुला बोलावणारही नाही. तू येता येणार नाही असं लिहिलंस, ते मी आता तुझ्या बाजूनं वाचायला शिकतेय. अजून नीट जमत नाही. वाचते आणि मनात म्हणते, एखादा रविवार तरी.

या पत्राला उत्तर नको. खरंच नको. दुपारी फाटक वाजलं की मी अजून हातातलं टाकून बाहेर जाते, आणि बहुतेक वेळा गेनबांचं पार्सल चुकून आमच्याकडे आलेलं असतं. ते त्यांना नेऊन देते. जाईल ही सवयही हळूहळू. मला घाई नाही.

श्यामला